हातभर पाणी

कुत्र्याला उपजत पोहता येते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, आणि बहुतांशी ते खरेही आहे. पण पाण्यावरच्या प्रवासात कुत्र्याचे आणि त्याच्या मालकाचे जे काही बरेवाईट व्हायचे ते भर पाण्यात क्वचितच होते. ते होते काठ आणि होडी यांच्या मधल्या हातभर पाण्यात, किंवा मोठी बोट आणि तिला टेकलेली छोटी होडी यांच्या मधल्या फटीत. म्हणजे चढताना आणि उतरताना. कुत्र्याचे पुढचे पाय एकीकडे आणि मागचे पाय दुसरीकडे असतात ते अर्धे मिनिट नीट पार पडले, तर उरलेला प्रवास ते नाकावर वारा घेत मजेत करते. रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचायला हा विषय अगदीच किरकोळ आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी पान उलटण्याआधी जरा थांबावे. त्या अर्ध्या मिनिटात कुत्र्यापेक्षा माणूसच पाण्यात जाण्याचा संभव अधिक असतो.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे दोन तालुके. बाहेरच्या माणसाला इथले शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, भीमाशंकरची वाट एवढे माहीत असते. पाण्याच्या नजरेने पाहिले तर हा धरणांचा मुलूख आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांतले डिंभे घोड नदीवर आहे. ते २००० साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले. विलायती कापडाच्या ट्रकसमोर १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव याच पाण्याखाली गेले. आज तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे आणि 'आंबेगाव' हे नाव मुख्यतः कागदावर. सरकारी पाट्यांवर असा विनोद सहसा आढळत नाही.

धरणाचे पाणी चढत गेले तशी महादेव कोळी समाजाची काही कुटुंबे डोंगराच्या अंगाने वर सरकली. पूर्वी ओढा ओलांडून जायचे ते शेत किंवा सोयऱ्यांची वाडी आता पाण्यापलीकडे राहिली. रस्त्याने जायचे तर भलामोठा वळसा, होडीने गेले तर समोरच. त्यामुळे होडी हे इथे हौसेचे वाहन नाही. तिच्यातून धान्य जाते, खताची गोणी जाते, शेळ्या जातात, दवाखान्यात न्यायची बाळंतीण जाते. आणि या सगळ्यांच्या मागोमाग, कोणी न बोलावता, कुत्रे जाते.

मी बँकेत होतो. २००३-०४ च्या सुमाराला घोडेगावकडे नेमणूक असताना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेखाली बचत गटांना दिलेल्या शेळ्यांची पाहणी करायला मला पाण्यापलीकडे जावे लागे. कर्जाची शेळी म्हणजे काय, हे बँकेत काम केलेल्यालाच कळते. तिच्या कानात विम्याचा बिल्ला असतो, कागदावर तिचा रंग, वय आणि शिंगांची ठेवण लिहिलेली असते, आणि ती मेली तर बिल्ल्यासकट कान दाखवावा लागतो. त्यामुळे होडीत शेळी चढवण्याची पद्धत अतिशय शिस्तीची होती. एकाने आधी आत जाऊन बूड टेकायचे, दुसऱ्याने काठावरून शेळी पोटाखाली आणि छातीखाली हात घालून उचलायची, बसलेल्याने ती मांडीजवळ मध्यभागी ठेवून घ्यायची. एकेक करून. कोणी घाई करत नसे.

शेळ्या झाल्या, माणसे झाली, होडी सुटायला आली, आणि काठावर एक तांबूस कुत्रे शेपूट हलवत उभे.

"कुत्र्याचं काय?" मी विचारले.

"त्येचं काय, सायेब? त्ये यील की पवत मागनं," होडीवाला म्हणाला.

आणि ते आले. डिसेंबरचे दिवस होते, पाणी गार होते. पहिला निम्मा टप्पा त्याने मजेत काटला. मग त्याचा मागचा भाग हळूहळू खाली जाऊ लागला, पाठ दिसेनाशी झाली आणि नुसते डोके पाण्यावर राहिले. ज्या म्हातारीचे ते कुत्रे होते ती होडीत उभी राहिली आणि "मोत्या, ये रं, ये!" करून कडेवरून हात लांबवू लागली. होडी कलंडली. दोन शेळ्या घसरून त्याच बाजूला आल्या आणि ती आणखी कलली. एक ओंजळभर पाणी आत आले तेव्हा होडीवाला ओरडला, "बस! आये, खाली बस आधी!" तिला बसवून त्याने वल्हे थांबवले, सगळ्यांना मध्ये सरकवले, कुत्र्याला मागच्या टोकापाशी येऊ दिले आणि तिथून मानेच्या मागची कातडी आणि कमरेखालचा भाग धरून आत ओढून घेतले. बाजूने घेतले नाही, मागून घेतले. बाजूने ओझे आले तर होडी कलंडते, टोकाला आले तर फार तर टोक थोडे दबते. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

पलीकडे पोचल्यावर मोत्याने काठ दिसताच उडी घेतली. त्याच्या उडीच्या धक्क्याने होडी मागे सरली आणि एक पाय काठावर, एक पाय होडीत अशा अवस्थेतला एक पोरगा सावकाश, जणू विचारपूर्वक, पाण्यात बसला. सगळे हसले. पाणी कमरेएवढेच होते.

कर्जाच्या कोणत्याही फॉर्मात कुत्रे बसत नाही. त्याला बिल्ला नाही, विमा नाही, बाजारात किंमत नाही. म्हणून ज्या हातांना शेळी कशी चढवायची हे अचूक माहीत आहे, तेच हात कुत्र्याच्या वेळी खिशात राहतात. अज्ञानाचा इथे प्रश्नच नाही. रीत घरात आहे, ती फक्त कुत्र्याला लावलेली नाही.

मग कुत्र्याला मागेच का ठेवू नये, असे शहरातला माणूस विचारील. त्याचे उत्तर या भागात एका शब्दात मिळते: बिबट्या. जुन्नर वन विभागात जुन्नर आणि आंबेगावबरोबर खेड आणि शिरूरही येतात, आणि उसाच्या फडांत बिबट्या विणे, वाढणे ही इथली दोन दशकांहून जुनी गोष्ट झाली आहे. माणिकडोहला त्यासाठी बिबट्या निवारा केंद्र उभे राहिले. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून त्याच्या पोटात काय जाते ते शोधले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहाराचा सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी होता. म्हणजे ज्या शेळीचा आपण विमा उतरवतो तिच्या आधी बिबट्याच्या तोंडी जाते ते कुत्रे, ज्याचा आपण उतरवत नाही.

संध्याकाळी मालक होडीत बसून पलीकडे गेला आणि कुत्रे अलीकडे राहिले, तर ते घरी जात नाही. ते पाण्याच्या कडेला बसून राहते आणि भुंकते. अंधारात एका जागी बसून भुंकणाऱ्या एकट्या कुत्र्याइतकी सोपी शिकार बिबट्याला दुसरी नसेल. हे मालकाला माहीत असते. म्हणूनच शेवटच्या खेपेला, होडी आधीच भरलेली असताना, "घ्या वो त्याला बी" असा आग्रह होतो, आणि दिवसातली सर्वांत धोक्याची चढउतार नेमकी उजेड कमी असताना, दमलेल्या माणसांच्या हातून होते. पलीकडच्या वाडीलाही कुत्रे हवेच असते. रात्री गोठ्याजवळ काही आले तर पहिली वर्दी तेच देते.

आता थोडे पाण्याचे आणि वजनाचे गणित. गावठी कुत्रे पंधरा-वीस किलोचे असते, म्हणजे सिमेंटच्या पोत्याच्या निम्म्याहून थोडे कमी. पण पोते उडी मारत नाही. कुत्रे मागच्या पायांनी जोर लावून झेप घेते तेव्हा तेवढाच जोर होडीला उलट दिशेने बसतो. होडी बांधलेली नसेल तर ती मागे सरते, आणि कुत्र्याने उडी घेताना एक हात असलेले अंतर ते उतरेपर्यंत दीड हात होते. चढतानाही तसेच. पुढचे पंजे होडीच्या कडेवर पडतात, होडी काठापासून दूर जाते, आणि कुत्रे मध्ये ताणले जाऊन खाली पडते. एकदा पाण्यात पडले की होडीची उभी भिंत त्याला चढता येत नाही, कारण पंजाला धरायला काही नसते. ते नखे घासत राहते. मग मदतीला पाण्यात उतरलेल्या माणसाच्या खांद्यावर ते चढू पाहते. बुडणाऱ्याला कोण वाचवायला आले आहे हे कळत नाही, मग तो माणूस असो की कुत्रे.

पोहण्याच्या बाबतीतही सगळी कुत्री सारखी नाहीत. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारे चपट्या नाकाचे पग जातीचे कुत्रे आले आणि मध्यमवर्गीय घरांतून त्याची लाटच आली. हे कुत्रे माणसामागे कुठेही जाईल, पण पाण्यात नाही. पुढचा भाग जड, नाक आखूड, पाय बुटके, त्यामुळे ते लवकर थकते आणि नाकातोंडात पाणी जाते. शनिवार-रविवारी माणिकडोहच्या किंवा पिंपळगाव जोग्याच्या काठी गाडी लावून असे कुत्रे पाण्यात ढकलणारे हौशी लोक असतात. "बघा, आपोआप पोहेल." त्यांच्याविषयी माझे मत छापण्याजोगे नाही.

हाच प्रश्न जगात दुसऱ्या एका जमातीने फार बारकाईने सोडवला आहे. शिडाच्या बोटीवर महिनोन् महिने राहणारी माणसे असतात, नवराबायको आणि एक कुत्रे असा त्यांचा संसार. बोट किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नांगरलेली. कुत्र्याला घरात घाण न करण्याची सवय लावलेली असते आणि बोट हे त्याचे घर असते, त्यामुळे ते तिथे पाय वर करायला तयार होत नाही. सकाळ-संध्याकाळ त्याला डिंगीत, म्हणजे बोटीमागे बांधलेल्या छोट्या होडीत घालून किनाऱ्यावर न्यावे लागते. पाऊस असो, वारा असो, दिवसातून दोनदा जाणे आणि दोनदा येणे. एवढ्या खेपा केल्यावर माणूस शहाणा होतो.

त्यांची रीत साधारण अशी. डिंगी एकाच दोरीने बांधली तर ती गोल फिरते आणि फट उघडते, म्हणून ती पुढून आणि मागून अशी दोन्ही टोकांना बांधायची. मोठ्या बोटीची जी बाजू पाण्याला सर्वांत जवळ, बहुधा मागची, तिथेच चढउतार करायची. एक माणूस आधी डिंगीत उतरून खाली बसणार. उभा राहणार नाही. दुसरा वरून कुत्रे देणार. कुत्र्याच्या अंगात तरंगते जाकीट असते आणि त्या जाकिटाला पाठीवर, पिशवीला असते तशी, भक्कम मूठ असते. सगळी करामत त्या मुठीत आहे. एक हात मुठीला, दुसरा पोटाखाली, असे कुत्रे आडवे, समतोल खाली येते आणि डिंगीच्या तळाशी मध्यभागी ठेवले जाते. ते खाली बसेपर्यंत दोरी सोडायची नाही आणि यंत्र असेल तर ते सुरू करायचे नाही, कारण फिरत्या पंख्यापाशी पडलेल्या कुत्र्याला कोणी वाचवू शकत नाही. कुत्र्याची दोरी हातात सैल धरायची, होडीला बांधायची नाही. होडी उलटली तर बांधलेले कुत्रे तिच्याबरोबर जाते. चाळीस किलोचे धूड असेल तर पोटाखाली रुंद कापडी झोळी घालून शिडाच्या कप्पीवरून उतरवतात. आणि डिंगीच्या तळाशी जुने पायपुसणे किंवा चटई टाकतात. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कुत्रे होडीला घाबरत नाही, पायाखाली घसरते म्हणून घाबरते.

या सगळ्यात डिंभ्याच्या काठावर न मिळणारी वस्तू एकच, ते मुठीचे जाकीट. आणि तेही करता येते. ट्रकवर माल बांधायचा रुंद नायलॉनचा पट्टा घ्या. एक फेरा पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती, दुसरा पायांच्या पुढून छातीवर आडवा, दोन्ही खांद्यांवर जोडलेले, आणि वर पाठीवर हात मावेल एवढी मूठ. मंचरच्या किंवा नारायणगावच्या बाजारात चपला शिवणारा कारागीर हे तासाभरात शिवून देईल. तो तरंगणार नाही हे खरे, पण उचलायला मूठ मिळेल, आणि हातभर पाण्यात तीच लागते. गळ्यातल्या पट्ट्याला धरून कुत्रे कधीही उचलू नये. त्याचा गळा आवळतो, आणि मागे ओढ घेतली तर मान पट्ट्यातून सुटते आणि आपल्या हातात नुसता पट्टा राहतो.

पट्ट्यावरून आठवले. बिबट्याने मानेला धरू नये म्हणून काही लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. ही युक्ती जुनीच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात माणसांनीच स्वतःच्या गळ्यात असे पट्टे घातल्याचे फोटो वर्तमानपत्रांत आले, आणि ते पाहून घास उतरला नाही. पण कुत्र्याचा हा पट्टा होडीत चढण्यापूर्वी काढून खिशात ठेवावा. घसरत्या कुत्र्याला पकडायला गेलेला हात खिळ्यांवर पडला की तो आपोआप सुटतो, आणि पुन्हा पकडायला वेळ मिळत नाही.

डिंभ्याची खरी अडचण वेगळीच आहे. समुद्राला भरती-ओहोटी असते, पण काठ बहुधा आपल्या जागी असतो. धरणाचा काठ वर्षभर चालत असतो. भाद्रपदात पाणी झाडांच्या बुंध्यांना लागलेले असते, होडी थेट गवताला टेकते. वैशाखात तेच पाणी पार खाली गेलेले असते आणि मधल्या उतारावर चिखल. त्या ओसरत्या पाण्यामागे लोक गाळपेर करतात, जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात, आणि होडीत चढायची जागा दर आठवड्याला बदलते. चिखलात पोटापर्यंत रुतलेल्या कुत्र्याला उडी मारता येत नाही आणि त्याला उचलणाऱ्याचा पायही ठरत नाही. दगडी धक्का बांधून इथे उपयोग नाही, कारण तो वर्षातले दहा महिने एक तर पाण्याखाली असेल नाही तर पाण्यापासून लांब. इथे हवा पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का: चार बंद पिंपे, त्यांवर फळ्या, काठाकडे एक हलती फळी आणि होडी दोन टोकांना बांधायला दोन कड्या. शेळीलाही तो चालेल, म्हातारीलाही आणि बाळंतिणीलाही.

"माणसांना जाकिटे मिळायची मारामार, आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप मला एका जुन्या सहकाऱ्याने घेतला आणि तो रास्त आहे. याच पुणे जिल्ह्यात, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, इंदापूर तालुक्यातले कळाशी आणि करमाळा तालुक्यातले कुगाव यांच्या दरम्यान उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचे कारण वारा होते. पण ती वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही, की अशा छोट्या बोटींकडे चुकीला जागा किती थोडी असते. शांत पाण्यात ओंजळभर पाणी आत आले तर माणसे हसतात. वाऱ्यात तीच ओंजळ शेवटची ठरू शकते. होडीत मोकळे, भेदरलेले, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणारे वीस किलोचे ओझे असेल तर ते कुत्र्याचे आहे की आणखी कशाचे, हे पाणी विचारत नाही. आणि ते पाण्यात पडले तर त्याच्यामागे उठून उभा राहणारा माणूस घरातलाच असतो, बहुधा लहान मुलगा. म्हणून मी म्हणतो की खेपेची माणसे मोजताना कुत्रे मोजा. दहाची होडी असेल तर नऊ माणसे आणि एक कुत्रे. भाडेही घ्या पाहिजे तर. ज्याचे भाडे घेतले त्याला निदान जागा द्यावी लागते, हा बँकेतला अनुभव नसला तरी एस.टी.तला आहे.

पुराच्या वेळी हा हिशेब आणखी कठोर होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि डझनभराहून अधिक माणसे बुडाली. त्याच दिवसांत सांगली-कोल्हापूरकडची कित्येक माणसे, गोठ्यातली जनावरे टाकून यायचे नाही म्हणून, पाणी चढेपर्यंत घरातच थांबून राहिली होती. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळात हेच घडले. पाळीव जनावरांना बोटीत घेत नाहीत म्हणून माणसेही निघेनात. त्यानंतर २००६ साली तिथे कायदाच झाला, की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव जनावरांची सोय धरलेली असली पाहिजे. माणसाला बाहेर काढायचे असेल तर त्याचे कुत्रेही काढावे लागते, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ. आपल्या बचाव पथकांच्या बोटीत एक मुठीचा पट्टा, एक गोणपाट आणि तोंडाला घटकाभर बांधायला मऊ कापडाची पट्टी असावी. घाबरलेले कुत्रे ओळखीच्या हातालाही चावते. पण पाण्यात पडण्याचा संभव असेल तेव्हा तोंड बांधू नये, त्याला तोंडानेच धापा टाकायच्या असतात.

महाभारतात युधिष्ठिराने कुत्र्याला मागे ठेवून इंद्राच्या रथात चढायला नकार दिला, ही कथा आपण मुलांना फार अभिमानाने सांगतो. त्या कुत्र्याने ऐनवेळी यमधर्माचे रूप घेतले आणि त्याला रथात कसे चढवायचे हा प्रश्नच मिटला. घोड नदीकाठच्या कुत्र्यांना ही सोय नाही. इथे खंडोबाच्या देवळांत देवाबरोबर कुत्र्याचीही पूजा होते, धामणीच्या खंडोबाला तालुक्यातून माणसे लोटतात, भंडारा उधळतात. तेवढाच मान सोमवारी होडीच्या काठाशीही मिळावा.

हे कोणी करायचे? जलाशयावर आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था आहे, आणि 'शाश्वत' या संस्थेने इथल्या विस्थापितांबरोबर केलेल्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार २०१२ साली मिळालेला आहे. म्हणजे माणसे एकत्र येऊन काही करतात असा हा मुलूख आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची वाट ठेवली आहे. ग्रामपंचायतींनी ती नोंद करताना होडीवर माणसांचा आकडा रंगवून घ्यावा, दोन्ही टोकांना दोर बांधायची कडी आहे का ते पाहावे, आणि तरंगत्या धक्क्याची मागणी ठरावात घालावी. 'कुत्र्यांसाठी धक्का' असे ठरावात लिहू नये. तालुक्याला पोचेपर्यंत त्याचा विनोद होईल. 'प्रवासी व पशुधन' असे लिहावे.

कुत्र्याला शिकवण्याचे काम मात्र कोणत्याही ठरावाविना होते, आणि त्याला ऋतू आहे. फाल्गुन-चैत्रात पाणी मागे हटते तेव्हा कित्येक होड्या डागडुजीसाठी कोरड्यावर ओढून ठेवलेल्या असतात. त्या वेळी कुत्र्याला पट्टा घालून त्या कोरड्या होडीत उचलून ठेवावे, खाली गोणपाट टाकलेले असावे, भाकरीचा तुकडा द्यावा, आणि "बस" म्हटल्याशिवाय आणि "चल" म्हटल्याशिवाय हलू देऊ नये. चार दिवस असे केले की पाचव्या दिवशी होडीची एक कड हाताने हलवून पाहावी. मग गुडघाभर पाण्यात, दोन्ही टोके बांधून. पिल्लू चार-पाच महिन्यांचे असताना हे केले तर फारच बरे. तेव्हा ते एका हाताने उचलता येते, आणि पोरांना शाळेला सुट्टी लागायच्या आत त्याचे शिक्षण पुरे होते.